बोरघाटातील लोहमार्ग : अभियांत्रिकी आणि श्रम यांचा इतिहास

प्रस्तावना : १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, परंतु दख्खनचा कापूस बंदरापर्यंत आणण्यासाठी सह्याद्री ओलांडणे अनिवार्य होते. या गरजेतून बोरघाटातील लोहमार्ग निर्माण झाला. त्याच्या इतिहासात अभियंत्यांइतकेच मजुरांनाही स्थान मिळाले पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

तांत्रिक स्वरूप : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या देखरेखीखाली १८५६ मध्ये कामास प्रारंभ झाला. सुमारे २५ किलोमीटर अंतरात मार्ग सुमारे ५५८ मीटर उंची गाठतो. कमाल चढ ३७ फुटांस १ फूट असा होता आणि २५ बोगदे खोदावे लागले. उभ्या कड्यावर वळणास जागा नसल्याने एका ठिकाणी गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकास जोडून, उलट दिशेने पुढे न्यावी लागे. १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे ही पद्धत संपुष्टात आली.

श्रमाचा प्रश्न : खोदकाम प्रामुख्याने हातांनी आणि सुरुंगाच्या दारूने होई. १८६१ मध्ये मजुरांची संख्या ४०,००० च्या वर गेली होती. पटकीसारख्या साथींनी आणि अपघातांनी असंख्य बळी घेतले. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून दंगल उसळली आणि त्याच वर्षी मूळ ठेकेदार फॅविएल यांनी काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच आजाराने मरण पावले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेका पुढे चालवला. १८६० मध्ये सार्वजनिक कामांवरील मजुरीचे वाद त्वरित सोडविण्यासाठी कायदा झाला. मात्र त्याच कायद्याने मजुराकडून होणारा करारभंग हा गुन्हा ठरविला. म्हणजेच मजुरीची हमी आणि शिक्षेची भीती एकाच वेळी मजुराच्या पदरी आली.

समारोप : २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले. बर्कली यांचे त्यापूर्वीच, १८६२ मध्ये निधन झाले होते. तरीही या कामाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. मजुरांची नावे मात्र इतिहासात उरली नाहीत. जे उरले ते त्यांच्या संख्येचे आकडे आणि दंगलीच्या चौकशीचे कागद. म्हणून या घाटाचा इतिहास शिकविताना बोगद्यांची संख्या सांगून थांबणे पुरेसे नाही. ते कोणी आणि कोणत्या अटींवर खोदले, हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे.