आधी पाय, मग कंपनी

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची, आणि त्यातले २० गुण एकट्या लांब धावण्याचे: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. पूर्णा-नांदेड लोहमार्गावरच्या चुडाव्यासारख्या गावात या २० गुणांची तयारी डांबरी रस्त्यावर, नाहीतर त्याच्या कडेच्या मुरमावर होते. पलीकडे काळे रान. पावसाळ्यात त्याचा चिखल सोलला थापून बसतो आणि पाय उचलवत नाही. उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीवर एक पाऊल चुकले तरी घोटा मुरगळतो. भरतीची तयारी चाललेल्या घरात बुटांचा विषय निघाला की तो कंपनीच्या नावानेच निघतो. नायकी घ्यायचा, आदिदास की पुमा, की कॅम्पस-स्पार्क्सवर भागवायचे? मला वाटते, इथेच गाडी उलट्या दिशेने सुटते. पाय कसा आहे, धावायचे कुठे आणि महिन्याला किती, हे आधी ठरावे. कंपनीचा विचार त्यानंतर.

महाग बूट पाय जास्त जपतो, ही समजूत फार पक्की आहे. स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी २००८ साली ती तपासली. तीन कंपन्यांचे स्वस्त, मध्यम आणि महाग बूट घालायला देऊन त्यांनी तळव्यावर पडणारा दाब मोजला. स्वस्त आणि मध्यम किमतीचे बूट महागांच्या तोडीस तोड निघाले, आणि पायाला कोणता बूट बरा वाटतो याचाही किमतीशी संबंध दिसला नाही. आपल्या भरतीच्या मुलांना त्याहून जवळचा दाखला अमेरिकी सैन्यदलांचा आहे. तिथल्या नव्या प्रशिक्षणार्थींपैकी काहींना तळव्याची कमान पाहून त्या आकाराला ‘योग्य’ म्हणून विकला जाणारा बूट दिला, बाकीच्यांना कमान न पाहता सरसकट एकच प्रकार. लष्कर, हवाई दल आणि मरीन, तिन्हीकडे दुखापतींचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले. तेव्हा ओल्या पावलाच्या ठशावरून कमान जोखून दुकानदाराने पाच हजारांची जोडी सुचवली, तर खिशात हात घालण्यापूर्वी हे आठवावे.

किमतीपेक्षा माप मोलाचे, आणि मापाच्या बाबतीत आपल्याकडे खरी अडचण आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. भारतीय पाय युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचे त्यात आढळले, आणि त्यावरून ‘भा’ नावाची देशी मापपद्धती सुचवली गेली. बाजारातले बूट मात्र अजून परदेशी आकड्यांवरच चालतात. लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत वावरलेल्या माणसाचा चवडा पसरट असतो. तो निमुळत्या बुटात कोंबला की करंगळी घासते, नखे काळी पडतात. मग माणूस एक नंबर मोठा बूट घेतो. चवडा मोकळा होतो, पण टाच आत सरकू लागते आणि टाचेला फोड येतात. रुंद पायाला रुंद साचा लागतो, आणि तो कोणत्या कंपनीच्या कोणत्या जोडीत मिळेल हे पायात घातल्यावाचून कळत नाही. म्हणूनच फोटो पाहून मागवलेल्या बुटापेक्षा, परत करायची सोय नसेल तर, नांदेडला जाऊन संध्याकाळी घालून पाहिलेला बूट बरा. दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. धावताना घालायचेच मोजे घालावेत, दुकानात दहा-वीस पावले पळून पाहावे, आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा उरते का ते दाबून बघावे.

यावर कोणी म्हणेल, स्वस्त बूट महिन्यात उकलतो, मग कंपनीला अर्थ नाही कसा? अर्थ आहे. चिकटवण, शिलाई, सोलचा दर्जा यांत नामांकित कंपन्या सहसा भरवशाच्या असतात, आणि फार कडक सोलही बरा नव्हे: २०२० साली लक्झेंबर्गच्या संशोधकांना ८४८ धावणाऱ्यांच्या चाचणीत कडक बुटांच्या गटात दुखापती जास्त आढळल्या. पण हा भरवसा त्या कंपनीच्या धावण्यासाठीच बनवलेल्या साध्या जोडीतही मिळतो. मिळत नाही तो नावाच्या नकलेत. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून मिळणाऱ्या जोडीवर खूण हुबेहूब असते, आतला फोम कसला आहे ते कोणालाच माहीत नसते. नावाचा हट्ट गरीब घराला सर्वांत महाग पडतो तो इथे. शिवाय एकाच कंपनीचे मिरवायचे स्नीकर आणि धावायचे बूट दिसायला सारखे असले, तरी सपाट, जड सोलचे स्नीकर बाजाराला, कॉलेजला जायला ठीक. त्यांत रोज सहा-आठ किलोमीटर धावले की नडग्या भरून येतात.

दुसरा आक्षेप मोठ्या धावपटूंच्या दाखल्याचा: त्यांना बुटाचा फायदा होतो, मग आपल्याला का नाही? परभणीच्या ज्योती गवते २०१७ मध्ये मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत धावला. त्या पातळीवर बूट फरक पाडतो, हे मी नाकारत नाही. कार्बन पट्टीच्या बुटाने धावण्याची ऊर्जा सरासरी चार टक्क्यांनी वाचते, हे मोजून सिद्ध झाले आहे. पण ज्याची १६०० मीटरची वेळ अजून सहा मिनिटांच्या पलीकडे आहे, त्याला हवी असलेली सेकंदे चार महिन्यांच्या अखंड सरावात आहेत. नडगी दुखून तीन आठवडे घरी बसावे लागले, तर ती कोणत्याच बुटात सापडणार नाहीत.

त्या चार महिन्यांचा हिशेब मांडून पाहू. आठवड्यातले सहा दिवस रोज आठ किलोमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे २०० किलोमीटर. धावण्याच्या बुटाचा फोम साधारण ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये दबून जातो, वरून बूट नवा दिसत असला तरी. आठ हजारांची एकुलती जोडी चाचणीच्या दिवसापर्यंत बसलेली असेल. त्यापेक्षा अडीच-अडीच हजारांच्या, नीट बसणाऱ्या दोन जोड्या आलटून पालटून वापरल्या तर प्रत्येकीवर चार महिन्यांत ४०० किलोमीटरच पडतात, आणि चिखलात भिजलेली एक जोडी सावलीत वाळत असताना दुसरी पायात असते. वेगवेगळ्या जोड्या फिरवून वापरणाऱ्यांना दुखापती कमी झाल्याचेही २०१५ च्या एका अभ्यासात दिसले होते. भरती आटोपल्यावर दोन्ही जोड्या रोजच्या वापराला काढाव्यात; चालण्यापुरते बळ त्यांच्यात अजून वर्षभर असते.