रंग वाळेपर्यंत...

रविवारची सकाळ, डायनिंग टेबल आणि पाण्याचे दोन मग. अख्ख्या घरानं मिळून जोपासायची हॉबी शोधताय? मग जलरंग आहेत ना!

सोमवार ते शुक्रवार ऑफिस, शनिवारी झोप आणि रविवारी मॉल, नाहीतर सोफ्यावर वेबसीरिज. घरात माणसं चार, स्क्रीनही चार. ‘जेवलीस का?’ आणि ‘लाइट बिल भरलंस का?’ यापलीकडे आई-बाबांशी बोलणंच होत नाही? मग आमच्या घरातला प्रयोग करून बघाच. गेले सहा महिने दर रविवारी दहा ते बारा मी, आई, बाबा आणि नऊ वर्षांचा भाचा असे चौघं जलरंग शिकतोय.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेलं कुणीतरी बहुतेक मराठी घरांत सापडतंच. आमच्याकडे ती आई. लग्नानंतर तिची चित्रकला दारातल्या रांगोळीपुरती उरली होती. आता तीच आमची टीचर. ‘अहो, पाणी जास्त झालं!’ म्हणून बाबांना दटावते आणि बाबा चक्क ऐकतात.

पांढरा रंग कुठाय?

हा भाच्याचा पहिला प्रश्न. जलरंगात पांढरा लावायचा नसतो, कागदाचाच राखून ठेवायचा असतो. रंग पारदर्शक, त्यामुळे आधी फिकट, मग गडद. पोस्टर कलरसारखं वरून पांढरा फासून इथे भागत नाही. ओल्या कागदावर रंग सोडला की तो आपोआप पसरतो आणि ढग, धुकं तयार. कोरड्या कागदावर लावला की कडा स्वच्छ येतात. खिडक्या, कठडे असेच काढायचे. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळलं की पावसाळी आभाळाचा मस्त राखाडी मिळतो.

थांबायची सक्ती

खरी गंमत पुढे आहे. पहिला थर वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. घाई केली तर रंगांचा चिखल होतो, नाहीतर फुलकोबीसारखे डाग उमटतात. म्हणजे दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसायचं. हात रंगलेले, त्यामुळे मोबाइलही उचलता येत नाही. मग माणसं बोलायला लागतात.

एका रविवारी वाड्याचं छप्पर वाळत असताना बाबा सहज म्हणाले, ‘रिटायर झाल्यापासून सकाळी घर खायला उठतं गं.’ दीड वर्ष एकाच घरात राहूनही हे आमच्या कानावर आलं नव्हतं. आईनं ब्रश खाली ठेवला. त्या दिवशी छप्पर तसंच राहिलं, गप्पा मात्र दुपारपर्यंत चालल्या. आता बाबा सकाळी पेन्सिल घेऊन नदीकाठी ओंकारेश्वराला जातात आणि आमच्यासाठी रविवारचा ‘होमवर्क’ आणतात!

मॉडेल घरातलंच

सावंतवाडीचे चित्रकार एस. एल. हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेकांना ते राजा रविवर्मा यांचं वाटतं. चित्र जलरंगातलं आणि हातात दिवा घेतलेली ती मुलगी म्हणजे हळदणकरांची लेक, गीता. तेव्हा मॉडेल शोधायला लांब जायला नको. पेपर वाचणारे बाबाही चालतील!

सुरुवात करताय?

• कागद 300 जीएसएमचा घ्या. पातळ कागद पाण्यानं फुगतो. पैसे वाचवायचे तर रंगांवर वाचवा, कागदावर नको.
• स्टुडंट ग्रेडच्या 12 ट्यूब चौघांना पुरतात.
• गोल ब्रश दोनच, 6 आणि 12 नंबरचे.
• पाण्याचे मग दोन. एक ब्रश धुवायला, दुसरा स्वच्छ पाण्यासाठी.
• जुनं सुती फडकं जवळ हवंच. ओला रंग त्यानं टिपून उचलता येतो.
• आणि घरचा नियम: ‘हे काय काढलंय?’ असं कुणीही कुणाला विचारायचं नाही!