ऑइलच्या झाकणातला धूर आणि इंजिनाचा निकाल

गाडी पंधरा-वीस वर्षांची झाली की गॅरेजमध्ये एक प्रयोग हमखास होतो. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडतात, आतून धुराचे भपकारे येतात आणि मेकॅनिक सांगतो, "साहेब, बॅक कॉम्प्रेशन मारतंय. इंजिन खोलावं लागेल." हे काम जुन्या गाडीच्या विक्रीच्या किमतीएवढं महाग पडू शकतं. एवढा मोठा निर्णय एका झाकणावर होतो, हे मला अजिबात पटत नाही. झाकणातला धूर हे फार तर लक्षण आहे. निदान त्याच्या पुढे सुरू होतं.

मुळात बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे ब्लो-बाय, अजिबात नाही असं इंजिनच नसतं. तापल्यावर पिस्टनवरची रिंग पसरते, म्हणून तिच्या दोन टोकांमध्ये फट ठेवावीच लागते. पेट्रोल इंजिनासाठी ढोबळ हिशोब बोअरच्या दर इंचामागे चार हजारांश इंच असा आहे. मारुती ८०० चा बोअर ६८.५ मिलिमीटर आहे, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास फट आली. त्या फटीतून आणि रिंगांच्या कडेने थोडा वायू प्रत्येक स्ट्रोकला खाली क्रँककेसमध्ये उतरणारच. तो बाहेर काढायची सोय इंजिनातच असते. पूर्वी हा वायू एका नळीने सरळ रस्त्यावर सोडत. शहरांतल्या धुरक्यात त्याचा मोठा वाटा आहे हे कळल्यावर, १९६१ पासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या आणि १९६३ पासून अमेरिकेतल्या जवळपास सगळ्याच नव्या गाड्यांत पीसीव्ही व्हॉल्व्ह बसू लागला. इंजिनाच्या स्वतःच्या व्हॅक्यूमने हा वायू ओढून परत जाळायचा, एवढंच त्याचं काम.

खरी गफलत इथेच होते. हा व्हॉल्व्ह किंवा त्याचा पाइप काजळी-चिकट्याने तुंबला, तर अगदी धडधाकट रिंगांचं इंजिनही झाकणातून धूर सोडतं. म्हणून पेट्रोल गाडीत पहिला हात तिथे घालायचा. व्हॉल्व्ह काढून हलवला की आतला दांडा खळखळ वाजला पाहिजे. इंजिन स्लोवर असताना त्याच्या तोंडावर बोट ठेवलं की ओढ जाणवली पाहिजे. पाइप पिळून बघावा. बाहेरून छान दिसणारा पाइप आतून चिकटलेला निघतो. दुरुस्ती काय, तर व्हॉल्व्ह आणि एक पाइप.

यापुढची चाचणी मला सर्वांत आवडते, कारण तिला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात तसली पारदर्शक लेव्हलची नळी घ्यायची, फळीवर यू आकारात बांधायची, मागे पट्टी लावायची आणि निम्म्यापर्यंत पाणी भरायचं. एक टोक डिपस्टिकच्या भोकाला घट्ट जोडायचं, दुसरं मोकळं. दोन्ही बाजू चांगल्या उंच ठेवायच्या, नाहीतर पाणी इंजिनात ओढलं जाईल. पीसीव्ही ठीक असलेलं निरोगी पेट्रोल इंजिन स्लोवर असलं की पाणी इंजिनाच्या बाजूला थोडं वर चढतं, म्हणजे आत व्हॅक्यूम आहे. पाणी मोकळ्या बाजूला चढलं, तर आत दाब साठतोय. व्हॉल्व्ह आणि पाइप साफ असूनही दाब राहिला, रेस केल्यावर वाढत गेला, तर रिंग-बोअरवर संशय घ्यायला आधार मिळाला.

उभ्या गाडीवर मात्र पूर्ण चित्र दिसत नाही. खंबाटकीचा घाट चढताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो. तेव्हा ब्लो-बाय सर्वाधिक असतो आणि व्हॅक्यूम जवळजवळ नाहीसं झालेलं असतं. मग हा वायू ऑइलचे कण घेऊन उलट्या वाटेने एअर फिल्टरच्या डब्यात शिरतो. चढावरून आल्यावर तो डबा उघडून बघा. तिथलं ऑइल झाकणातल्या धुरापेक्षा जास्त विश्वासाची साक्ष देतं.

डिझेल गाडीत झाकणाच्या प्रयोगाने तर हमखास फसगत होते. इंजिनाच्या इनटेकमध्ये पेट्रोलसारखं व्हॅक्यूम नसतं, त्यामुळे झाकणाशी थोडे धक्के आणि थोडा धूर असणं नेहमीचंच. त्यात अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप असतो, आणि तो ओढलेली हवा क्रँककेसमध्येच सोडतो. बूस्टर किंवा त्याचा पाइप कुठे फुटका असेल, तर पंप सतत बाहेरची हवा इंजिनात भरत राहतो आणि ती बॅक कॉम्प्रेशनसारखीच दिसते. उभ्या गाडीत पंपाचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करून बघावं. धक्के कमी झाले तर दोष ब्रेकच्या बाजूला आहे. पाइप परत लावल्याशिवाय गाडी हलवू नये. टर्बोचे सील गेले तरी क्रँककेसमध्ये असाच दाब येतो.

"कॉम्प्रेशन चांगलं आहे, म्हणजे रिंगा चांगल्या" हे वाक्यही अर्धंच खरं आहे. ऑइल रिंग कार्बनने जॅम झाली, तर वरच्या दोन रिंगा आकडा नीट दाखवतात आणि गाडी ऑइल पीत राहते. सिलिंडरमध्ये चढलेलं तेच ऑइल फटी बुजवून आकडा वाढवतं, हा आणखी एक घोळ. म्हणून चाचणी पद्धतशीर हवी: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं; आधीचा तो सुका आकडा, हा ओला. आकडा उसळला तर गळती रिंगांकडून, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केटकडून.

याहून पक्कं उत्तर लीक-डाउन टेस्ट देते. पिस्टन अगदी वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते घड्याळावर वाचायचं. ढोबळमानाने १० टक्क्यांच्या आत उत्तम, २० पर्यंत जुन्या गाडीला चालून जातं, ३० च्या वर गेलं की काम निघालं. मग कान लावायचा. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गास्केट.

झाकणाखालच्या पांढऱ्या मलईबद्दल थोडक्यात. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन निघतं. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ती वाफ झाकणाखाली साचते. कूलंट कमी होत नसेल आणि डिपस्टिकवर मलई नसेल, तर घाबरू नका. एकदा लांबवर गाडी चालवून मग परत बघा.

आता उपायांबद्दलचे समज. जाड ऑइल घातल्याने धूर काही दिवस दबतो, पण झिजलेला बोअर भरून येत नाही. क्रँककेसचा वायू नेणारा ब्रीदर पाइप काढून गाडीखाली लोंबकळत सोडणं हाही इलाज नव्हे. इंजिन न गाळलेली हवा ओढतं, मिश्रण बिघडतं आणि विषारी वायू रस्त्यावर जातो. काही जण उलट ब्रीदरचं भोकच बुजवून टाकतात, ते तर सर्वांत घातक. कोंडलेला दाब ऑइल सीलमधून वाट काढतो. मागचा सील बदलला आणि महिन्याभरात पुन्हा गळू लागला, तर सीलला दोष देण्याआधी क्रँककेसचा दाब मोजा.

इंजिन उघडलंच, तर नुसत्या नव्या रिंगा टाकून धकवू देऊ नका. बोअर वरच्या टोकाला, जिथे पहिली रिंग वळते, तिथे जास्त झिजतो. त्या झिजेच्या वर एक कड शिल्लक राहते, ती नखाला लागते. नवी रिंग या कडेवर आपटली तर तुटते, आणि निमुळत्या बोअरमध्ये तिची फट प्रत्येक फेरीत उघड-मीट होत राहते. बोअर मोजून मगच ठरवायचं: होनिंग पुरेल की रीबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालायचे.

म्हणून होकार देण्याआधी गॅरेजवाल्याकडे तीन गोष्टी कागदावर लिहून मागा: पीसीव्ही किंवा ब्रीदर तपासला का, प्रत्येक सिलिंडरचा सुका आणि ओला आकडा किती, आणि लीक-डाउन केली तर हवा कुठून गळली. एकही आकडा न देता कुणी हेड उघडायला निघालं, तर गाडी तिथून घेऊन या.