सावित्रीकाठचे दासगाव आणि विद्यापीठांचे विस्तारकार्य

महाड तालुक्यातील दासगाव हे गाव डोंगर आणि खाडी यांच्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले आहे. एका बाजूस सावित्रीची खाडी, दुसऱ्या बाजूस पावसाळ्यात पाण्याने जड होणारा डोंगरउतार. मुंबई-गोवा महामार्ग होण्यापूर्वी येथील बंदराला मोठे महत्त्व होते. 25 डिसेंबर 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी जलमार्गाने आले, ते याच बंदरात उतरले. पेन्शनीत निघाल्यावर गोपाळबाबा वलंगकरांनी आपल्या कार्याचे ठाणे मांडले, ते कोकणातीलच दापोलीत. शिक्षणाने माणूस उभा राहतो, हा विचार या परिसराला नवीन नाही.

आज या गावापासून थोड्याच अंतरावर, माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे, 1989 च्या अधिनियमाने स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. शेतीच्या बाबतीत हा सारा प्रदेश दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. त्या विद्यापीठाची स्थापना 18 मे 1972 रोजी झाली. अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तार, म्हणजे ज्ञान लोकांपर्यंत नेणे, हे कृषी विद्यापीठांचे कायद्यानेच ठरलेले तिसरे कर्तव्य आहे. हे कर्तव्य दासगावसारख्या गावी कोणत्या स्वरूपात पोचू शकते, हे समजून घेण्यासाठी आधी खाचरात उतरले पाहिजे.

दासगावपासून खाली बाणकोटपर्यंत खाडीकाठी भाताची खाचरे आहेत. भरतीचे पाणी रोखण्यासाठी मातीचे बांध घातलेले असतात आणि आतील पाणी बाहेर जावे म्हणून त्यांत उघाडी ठेवलेली असते. ओहोटीस आतल्या पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप उघडते, भरतीस बाहेरच्या दाबाने मिटते. रचना साधी, परंतु खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपू लागले की बांधाला खांड पडण्यास एक मोठी भरती पुरते. खारे पाणी एकदा आत शिरले की पुढील दोन-तीन पावसाळे ती जमीन नीट पिकत नाही. उन्हाळ्यात ओल वर चढते, तिच्याबरोबर मीठ वर येते आणि पृष्ठभागावर पांढरा थर धरते. जूनच्या पहिल्या सरींनी हे मीठ धुऊन निघेपर्यंत रोपाने जमिनीत पाय रोवणे कठीण असते.

अशा जमिनींसाठी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने भाताच्या क्षारप्रतिकारक जाती तयार केल्या. पनवेल-1, पनवेल-2 आणि पनवेल-3 ही त्यांची नावे. केंद्राने सुरुवात मात्र शेतकऱ्यांपासूनच केली होती. खाडीकाठचा शेतकरी पिढ्यानपिढ्या काळा राता, भुरा राता यांसारखे तांबडे भात पेरीत आला होता. त्यांतूनच निवड करून सुधारित वाण प्रथम देण्यात आले. विस्ताराच्या कामात हा धडा मोलाचा आहे. ज्या गावाला शिकवावयाचे त्या गावाकडून आधी शिकून घेतले, तर सांगितलेली गोष्ट रुजते.

गोड्या पाण्याच्या खाचरांची अडचण निराळी. कोकणात पाणी एका खाचरातून दुसऱ्यात वाहत जाते, आणि वर फेकलेला युरिया त्याच्याबरोबर जातो. यावर उपाय म्हणून कोकणात प्रसार झालेली चारसूत्री भातशेती शेतकऱ्यांना परिचित आहे. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख आणि खाचरात पेंढा मिसळणे हे पहिले सूत्र. गिरीपुष्पाचा पाला चिखलात गाडणे हे दुसरे. तिसरे सूत्र नियंत्रित लावणीचे : खुणा केलेली दोरी धरून 15 व 25 सेंटीमीटर अशी आलटून पालटून अंतरे ठेवावयाची. त्यामुळे चार-चार चुडांचे चौकोन तयार होतात. चौथे सूत्र म्हणजे प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी, लावणीच्याच दिवशी, युरिया-डीएपीची सुमारे 2.7 ग्रॅम वजनाची एक ब्रिकेट 7 ते 10 सेंटीमीटर खोल खोचणे. खत मुळाशी राहते, वाहून जात नाही.

यातील पहिल्या सूत्राचा संबंध डोंगराशीही पोचतो. राब भाजण्यासाठी दरसाल ऐन, किंजळ यांच्या फांद्या तोडल्या जातात व उतार उघडा पडतो. तुसाची राख आणि बांधावरचा गिरीपुष्प यांनी ही तोड कमी होऊ शकते.

हे ज्ञान गावात नेण्याची व्यवस्था अनेक पदरी आहे. रायगड जिल्ह्यात रोहा येथे विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खरिपात गावात राहतात. गावकरी त्यांना कृषीदूत आणि कृषीकन्या म्हणून ओळखतात. इतर विद्याशाखांसाठी 24 सप्टेंबर 1969 पासून राष्ट्रीय सेवा योजना आहेच. तिच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास सेवा आणि दत्तक गावी सात दिवसांचे शिबिर करावयाचे असते. येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. लावणी बहुतांशी स्त्रिया करतात, दोरी त्यांच्या हाती असते. प्रात्यक्षिकाची सभा मात्र पुष्कळदा पुरुषांपुढे होते. कृषीकन्यांमुळे ही उणीव काहीशी भरून निघू लागली आहे.

आता डोंगराकडे. 25 जुलै 2005 रोजी अतिवृष्टीत दासगाव, जुई, कोंडिवते व रोहन या महाड तालुक्यातील गावांवर दरडी कोसळल्या व फार मोठी प्राणहानी झाली. 22 जुलै 2021 रोजी याच तालुक्यातील तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. बेसाल्टच्या खडकावर मातीचा व मुरुमाचा थर असतो. त्यात पाणी मुरत जाते, खालच्या कठीण खडकावर साचते, आणि थर जड होऊन त्याची पकड सुटते. बहुधा आधी खुणा दिसतात. जमिनीला भेगा पडतात, झाडे व खांब कलतात, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते किंवा आटते.

दोन विद्यापीठांच्या विद्यांनी एकत्र बसावे, अशी जागा नेमकी येथे आहे. जून 1990 पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग योजनेतून कोकणच्या वरकस जमिनींवर आंबा-काजूची लागवड झाली. पाणी अडवा, पाणी जिरवा हा तिच्या मागचा सल्ला बहुतेक उतारांवर योग्यच होता. परंतु जो उतार घसरण्याच्या बेतात आहे, त्यावर समतल चर खणून पाणी मुरविणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. तेथे पाणी लवकरात लवकर बाहेर काढावयाचे असते. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव गाडले गेल्यावर हा प्रश्न राज्यभर चर्चिला गेला. कोणत्या उतारावर चर खणावा आणि कोणत्यावर नाला काढावा, हे कृषितज्ज्ञ व स्थापत्य अभियंता यांनी जागेवर उभे राहून ठरविण्याचे काम आहे. त्यात गावातील वृद्धांना विचारले पाहिजे, कारण कोठला झरा केव्हा फुटला हे नकाशात नसते.

सेवा योजनेची निवासी शिबिरे सहसा हिवाळ्यात होतात. तेव्हा डोंगर कोरडा असतो, बांध दिसतो, श्रमदान करता येते. चरांची पाहणी आणि भेगांची नोंद करण्यास तो काळ सोयीचा आहे. जुलैमध्ये मात्र गावात असतात ते कृषीदूत. शाळेच्या आवारात एक साधे पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजणे आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिणे हे त्यांना सहज जमण्याजोगे आहे. विद्यार्थी ऑक्टोबरात परत जातात. म्हणून मोजणीचे काम पहिल्या आठवड्यापासूनच शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलांकडे सोपवावे, म्हणजे पुढल्या मृगात नवे कृषीदूत येईपर्यंत फळा कोरा राहणार नाही.