जर्मनचा सराव आणि यंत्राची मर्यादा

जर्मनमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे असली, तरी ती जुळतातच असे नाही. मराठीतील पुल्लिंगी 'सूर्य' तेथे 'डी झॉनं' असा स्त्रीलिंगी होतो, आणि नामाआधीचे उपपद, म्हणजे लिंग व विभक्ती दाखवणारा छोटा शब्द, चार विभक्तींनुसार रूप पालटते. या रूपांचा सराव कृत्रिम बुद्धिमत्तेची संवादसाधने न कंटाळता करून घेतात, हे त्यांचे बळ आहे. मात्र ती प्रचंड मजकुराच्या आधारे पुढचा संभाव्य शब्द ठरवत असल्याने चुकीचा नियमही ठामपणे सांगू शकतात; शिवाय 'आलो की!' यातील 'की'प्रमाणे नकार खोडून काढणाऱ्या 'डॉख' या अव्ययाची नेमकी छटा माणसांशी बोलतानाच अंगवळणी पडते. म्हणून सराव यंत्राकडे आणि पारख शिक्षकाकडे, ही विभागणीच विद्यार्थ्याच्या हिताची ठरते.