गाणे कानाने बसवताना

अनौपचारिक संगीतशिक्षण म्हणजे आवडीचे गाणे स्वतः निवडून, मित्रांच्या गटात, ध्वनिमुद्रण ऐकत ऐकत वाद्यांवर बसवणे. रॉक-पॉप वादक बहुधा असेच शिकतात. त्यांची ही रीत अभ्यासून संगीतशिक्षणाच्या संशोधक ल्यूसी ग्रीन यांनी ती ‘म्युझिकल फ्यूचर्स’ या २००३ साली सुरू झालेल्या उपक्रमातून इंग्लंडच्या माध्यमिक शाळांत आणली. मूल व्याकरणाआधी बोलू लागते, तसे इथे स्वरलेखन (सुरांची लिखित नोंद) मागाहून येते. अशा तासाला शिक्षकाला काम नसते, हा समज मात्र चुकीचा आहे. आधी तो बाजूला राहून मुले काय साधू पाहतात ते न्याहाळतो. मग अडेल तिथे रिफ (पुन्हापुन्हा येणारा छोटा सुरांचा तुकडा) वाजवून दाखवतो. सुरुवातीचा गोंगाट, अर्थात, खराच असतो.