मॉडेल रेल्वेचं यार्ड: आधी शंटिंग नेक, मग सायडिंग

मॉडेल रेल्वेच्या यार्डात सारखा खोळंबा होऊ लागला की आणखी एक-दोन सायडिंग टाकण्याचा मोह होतो. पण बहुधा अडचण वाघिणी उभ्या करण्याच्या जागेची नसते, त्या हलवण्याच्या जागेची असते. वाघिणी वेगळ्या करायच्या तर इंजिनाला त्यांची रांग सांध्यापलीकडे ओढून न्यावी लागते. तिथे स्वतंत्र रूळ, म्हणजे शंटिंग नेक, नसेल तर ही सगळी ये-जा मुख्य मार्गावर होते आणि येणारी गाडी सिग्नलपाशी अडकते. म्हणून सुधारणेची सुरुवात नेकपासून व्हावी.

जागा कुठून आणायची, हा आक्षेप रास्त आहे. १:८७ या एचओ प्रमाणात २० मीटरचा डबा २३ सेंटिमीटर जागा खातो. पण नेक फार लांब हवा असं नाही, तो सायडिंगच्या मापात हवा. ब्रिटिश मॉडेलकार ॲलन राइट यांच्या ‘इंगलनुक सायडिंग्ज’मध्ये दोनच सांधे आहेत. तीन सायडिंगमध्ये ५, ३ आणि ३ वाघिणी मावतात, तर नेकवर इंजिन आणि ३ वाघिणी. एवढ्यावर ८ वाघिणींतून ५ वाघिणींची गाडी ठरवाल त्या क्रमाने, ६,७२० प्रकारांनी, जुळवता येते.

कमी सायडिंगमध्ये वाघिणी कमी मावतात, हेही खरं. मात्र इथे ११ जागांवर ८ वाघिणी आहेत. मोकळ्या राहिलेल्या ३ जागांमुळेच अदलाबदल शक्य होते. खच्चून भरलेलं यार्ड हे निव्वळ गोदाम असतं. तेव्हा नवा सांधा विकत घेण्याआधी नेक मोजा.